उद्याची सात-चाळीस

आमच्या घरमालकांनी मला सहा वर्षांत एकदाही नावाने हाक मारली नाही. मी वरच्या मजल्यावर राहायचो म्हणून मी ‘वरचे’. मागच्या खोलीत एक नर्सबाई राहायच्या, त्या ‘मागचा दरवाजा’. “वरचे, तुमचं पार्सल आलंय,” “मागचा दरवाजा अजून ड्यूटीवरून आला नाही,” असं त्यांचं चालायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगून टाकलं होतं की नावं लक्षात ठेवायची आपल्याला सवय नाही. माणसं बदलतात, सीट नंबर बदलत नाही.

त्यांचं स्वतःचं नावही रत्नागिरीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. स्टँडावर आधी कंडक्टर आणि मग वीस-बावीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढल्यामुळे सगळे त्यांना कंट्रोलर म्हणायचे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, त्यासुद्धा “कंट्रोलर, आमटी निवतेय” असंच म्हणायच्या. लग्नात उखाण्यात काय घेतलं असेल देव जाणे. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण ते निवृत्त झाले होते ते स्टँडापुरते. घराचं त्यांनी स्टँड करून टाकलं होतं.

सकाळी सहाला अंगणातून आवाज यायचा. हाताचा द्रोण तोंडाशी, सूर नाकातला. “प्रवाशांनी लक्ष द्यावे. नळाचे पाणी सहा वाजून दहा मिनिटांनी येईल व सहा-पन्नासला जाईल. वरच्या मजल्याच्या प्रवाशांनी बादल्यांसह तयार राहावे.” वरच्या मजल्याचा प्रवासी मी एकटा. पाणी कधी पाच मिनिटं आधीच आलं तर मला आनंद व्हायचा आणि कंट्रोलर नळाकडे रागाने बघत उभे राहायचे. वेळेआधी सुटणं हा त्यांच्या लेखी उशिरापेक्षा मोठा गुन्हा होता. उशिरा सुटलेली गाडी सगळ्यांना मिळते, आधी सुटलेली वेळेवर आलेल्यालाच चुकते, हे त्यांचं म्हणणं मला आजवर खोडून काढता आलेलं नाही.

ओटीवर खिळ्याला एक वही टांगलेली असायची. भाडेकरूंनी बाहेर जाताना आणि परत येताना त्यात वेळ लिहायची. शेवटचा रकाना ‘उशिराचे कारण’. मी एकदा वैतागून तिथे ‘कंटाळा’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी तांबड्या शाईने शेरा होता : “कंटाळा हे कारण होत नाही. पंक्चर लिहा.” मी चालत जातो-येतो, असं मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, “मग चपलेचं लिहा.”

त्यांच्या पुतण्याच्या लग्नाला मी गेलो होतो. मुहूर्त बारा-सतराचा. बारा-पंधरा झाले तरी मंगलाष्टकं काही संपेनात. मुलीकडच्या एका आत्यांनी स्वतः रचलेलं एक म्हणायला घेतलं होतं आणि त्यात अजून निम्मे नातेवाईक यायचे होते. कंट्रोलर पहिल्या रांगेत मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले होते. बारा-सतराला त्यांनी खिशातून शिट्टी काढली आणि स्टँडावर गाडी सोडताना वाजवतात तशी खणखणीत वाजवली. दचकून भटजींनी अंतरपाट सोडला, दचकून नवऱ्याने माळ घातली, वाजंत्र्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि आत्या तोंड उघडं टाकून तशाच राहिल्या. तो संसार आजही सुरळीत चालू आहे. “वेळेवर सुटला ना,” कंट्रोलर म्हणायचे.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. संध्याकाळी सातचा फोन मात्र मला सुरुवातीला जरा भीतिदायक वाटायचा.

रोज सातच्या बातम्या लागायच्या आत कंट्रोलर ओटीवरच्या खुर्चीत ताठ बसून एक नंबर फिरवायचे आणि पलीकडून ‘हॅलो’ येताच म्हणायचे, “उद्याची सडेवाडी सात-चाळीस रद्द.” बस. फोन ठेवायचे. कधी पलीकडून काही बोलणं व्हायचं, त्याला हे “हं, हं, औषध घेतलंस का” एवढं म्हणायचे. पण पहिलं वाक्य ठरलेलं. महिनाभर ऐकल्यावर मी काकींना हळूच विचारलं, की यांची तब्येत बरी आहे ना.

काकी हसल्या आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. सडेवाडी हे कंट्रोलरांचं मूळ गाव, वर सड्यावर, कातळाच्या माळावर. तिथे त्यांच्या थोरल्या बहिणीचं, आक्कांचं, घर. आक्कांना दिलेली गावातच, यजमान मागेच गेलेले, मुलगा मुंबईला. रत्नागिरीहून वर येऊन सडेवाडीहून सकाळी सात-चाळीसला परत सुटणारी गाडी कंट्रोलरांनी कंडक्टर असताना अर्जांवर अर्ज करून सुरू करवून घेतली होती, त्यामुळे तिला ते ‘माझी गाडी’ म्हणायचे. भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे जातो; पण सणाच्या गर्दीत यांना रजा घ्यायची नसायची, म्हणून आक्काच त्या गाडीने तबक घेऊन रत्नागिरीला यायच्या आणि स्टँडावर, कंट्रोलच्या केबिनीत, घोषणा चालू असताना यांना ओवाळायच्या. “देवरुख गाडी फलाट क्रमांक चारवर...” म्हणताना कपाळाला कुंकू लागायचं. निवृत्तीनंतरही तीच रीत चालू राहिली. नवा कंट्रोलर त्या दिवशी दहा मिनिटं खुर्ची सोडून उभा राहायचा.

मग एका पावसाळ्यात सडेवाडीची दरड खाली आली, ओढ्यावरच्या साकवाचा एक खांब गेला, आणि सात-चाळीस बंद पडली. हे तेव्हा गावच्या देवळात, चार माणसांसमोर बोलून बसले, “या रस्त्याला माझी गाडी परत चालू होईपर्यंत मी दुसऱ्या चाकाला शिवणार नाही.” आक्का बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मग मी पन नाय.” हट्ट त्या घरात समान वाटणीने आला होता. रस्ता पुढे दुरुस्त झाला, साकवही झाला. पण तोवर गावातली शाळेची पोरं सोय बघून तालुक्याला राहायला गेली होती, आणि बंद पडलेली गाडी पुन्हा मागायची तर प्रवासी दाखवा असा प्रश्न होता. गाडी नाही म्हणून प्रवासी नाहीत, प्रवासी नाहीत म्हणून गाडी नाही. एक भाऊबीज अशीच गेली. त्या दिवशी हे टोपी घालून ओटीवर सात-चाळीसपासून नऊपर्यंत बसून राहिले, असं काकी म्हणाल्या. कपाटात आक्कांसाठी आणलेली साडी तशीच घडी घातलेली होती.

“आणि रोजचा फोन?” मी विचारलं.

“त्यांचा नियम आहे तो. गावाला कळवायचं ते फक्त रद्दचं. चालू गाडीचं कळवायचं नसतं, ती येते म्हणजे येते.” काकी चहात साखर ढवळत म्हणाल्या. “गाडी उशिरा आली तर माणूस शिव्या देतो नि बसतो. पण येणारच नाही हे कळवलं नाही, तर माणूस थांब्यावर उभा राहतो, हे त्यांना सोसत नाही. म्हणून रोज कळवतात.”

बंद पडून वर्ष उलटलेली गाडी रोज संध्याकाळी नव्याने रद्द करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या जरा आधी माझ्या मुंबईच्या मित्राचा, परागचा, फोन आला. त्याने नवी गाडी घेतली होती, बिनटपाची, स्पोर्ट्स कार. तशाच आठ गाड्यांचा त्यांचा एक क्लब होता. शनिवार-रविवार रत्नागिरीला यायचं, टप उघडे टाकायचे, समुद्राकाठच्या वळणांवरून वारा खात एकामागोमाग जायचं, असा बेत. “रस्त्याची खडानखडा माहिती असलेला एखादा माणूस बघ ना,” पराग म्हणाला. मी जिन्यात उभा राहून बोलत होतो. खाली ओटीवरून आवाज आला, “वरचे! किती गाड्या? सुटण्याची वेळ काय?”

पुढच्या दहा मिनिटांत त्या सहलीचा ताबा माझ्या हातून गेला होता. रविवारी भाऊबीज होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

शनिवारी संध्याकाळी आठही गाड्या हॉटेलच्या आवारात ओळीने उभ्या होत्या. लाल, पिवळी, चंदेरी, एक निळी. कंट्रोलर जुना खाकी कोट घालून, काखेत वही मारून तपासणीला आले. क्लबचे अध्यक्ष मुंबईत लिफ्ट बनवण्याचा कारखाना चालवायचे; लाल गाडी त्यांची. कंट्रोलरांनी ती पुढून-मागून पाहिली.

“हिचा टप कुठे ठेवलात?”

“आत आहे. बटण दाबलं की उघडतो, दाबलं की मिटतो,” अध्यक्ष कौतुकाने म्हणाले.

“छत्रीलाही असतं,” कंट्रोलर म्हणाले आणि खाली वाकून गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे ते वितीने मोजू लागले. वीतभरही भरलं नाही. मग त्यांना आत बसवून पाहिलं, तर गुडघे छातीशी आले. “ही गाडी आहे की पाट?” ते म्हणाले. “बसल्यावर सोडणार आहात की जेवायला वाढणार?”

त्यानंतर सूचना झाल्या. सुटण्याची वेळ सहा-पंधरा. ओव्हरटेक बंद. वळणावर हॉर्न. दोन गाड्यांत चार गाड्यांचं अंतर. सकाळी सुटण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरने तोंडाचा वास द्यायचा. क्लबमध्ये एक त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर होते, एक वकील होते. त्यांना ‘ड्रायव्हर’ म्हणून कुणी हाक मारण्याची ही पहिलीच वेळ असावी. मंडळींना मोठी मजा वाटली. आपल्याला कोकणातला एक अस्सल नमुना मिळाला, अशा नजरेने ते माझ्याकडे बघत होते. सहा-पंधरा ही वेळ ऐकल्यावर त्यांच्या बायकांनी मात्र तिथल्या तिथे येणं रद्द केलं. म्हणजे आठ गाड्यांतल्या पुढच्या आठ सीट मोकळ्या झाल्या. कंट्रोलरांनी हा आकडा वहीत लिहून घेतला, तेव्हाही मला काही समजलं नाही.

घरी आलो तेव्हा सात वाजायला आले होते. मी जिन्यात थांबलो. कंट्रोलर ओटीवर खुर्चीत ताठ बसले होते, फोन मांडीवर. सात वाजले. सात-पाच झाले. आत बातम्या चालू होत्या. ते उठले, फोन खुंटीवरच्या कोटाच्या खिशात टाकला आणि आत गेले.

मी काकींकडे बघितलं. त्यांच्या हातातलं लाटणं थांबलं होतं. “आज केला नाही,” त्या म्हणाल्या. “वरचे, उद्या आक्का थांब्यावर उभ्या राहणार हो.”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आत जाऊन म्हटलं, “अहो, ती माणसं मजा करायला आलीत. त्यांना न सांगता तुम्ही त्यांना सड्यावर कसं नेणार? आणि तुमचं देवळातलं बोलणं? दुसऱ्या चाकाला शिवणार नाही म्हणालात ना?”

ते पत्र्याच्या एका लांबट पाटीला पांढरा रंग देत होते. रंग ओला होता. ‘रत्नागिरी–सडेवाडी, मार्गे आरे-वारे’, आणि कोपऱ्यात, बारीक अक्षरात, ‘जादा’. “सणाला जादा सोडतातच,” ते ब्रश पुसत म्हणाले. “जादा गाडी ही नेहमीच्या गाडीचीच असते. टप असो नसो. आठ तुकड्यांत असो नसो.”

सकाळी सहा-पंधराला, अजून पुरतं उजाडायचं असताना, आठ ड्रायव्हरांनी तोंडं उघडून वास दिला आणि आम्ही सुटलो. पहिल्या लाल गाडीत अध्यक्ष आणि कंट्रोलर, पुढच्या काचेला ती पाटी सुतळीने बांधलेली. दुसऱ्या गाडीत पराग आणि मी. कंट्रोलरांनी टोपी उडू नये म्हणून तिच्यावरून काकींचा लोकरी स्कार्फ घेऊन हनुवटीखाली गाठ मारली होती. घंटेची दोरी नव्हती, म्हणून कंडक्टर असतानाचा तिकीट फाडायचा चिमटा ते काचेच्या कडेवर आपटत. दोनदा आपटला की चला, एकदा आपटला की थांबा. प्रत्येक टकटकीला अध्यक्षांचे खांदे दचकून वर जाताना मला मागून दिसत होते.

आरे-वारेच्या चढाला समुद्र दिसायला लागला आणि मंडळी खूष झाली. कुणीतरी मागे जोरात ओरडलंसुद्धा. वारा, वळण, खाली पांढरी पुळण. मला वाटलं, जमतंय. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर एक मासेवाल्या मावशी टोपली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पाटी वाचली आणि हात केला.

टक्. लाल गाडी थांबली. मागे सात ब्रेक लागले.

“काय झालं?” अध्यक्ष म्हणाले.

“प्रवासी,” कंट्रोलर म्हणाले. “पाटी आहे, हात केलाय, थांबावं लागतं. तिसरी गाडी, पुढची सीट.”

तिसरी गाडी त्वचारोगवाल्या डॉक्टरांची, आतून सगळी पांढऱ्या कातड्याची. मावशींनी वाकून आत बघितलं आणि विचारलं, “टप उडाला काय रे बाबा?” डॉक्टरांनी घाईने आपलं जॅकेट काढून सीटवर अंथरलं. मावशींना वाटलं, आपला मान राखला. त्या प्रसन्न होऊन जॅकेटवर बसल्या आणि बांगड्यांची टोपली मांडीवर घेतली. सात-चाळीस बंद झाल्यापासून त्या सड्यावर मासे विकायला चालत जायच्या, हे त्यांनी डॉक्टरांना पुढच्या वळणापर्यंत सांगून टाकलं.

पुढे दर थांब्यावर तेच. भाऊबीजेचा दिवस, रस्ताभर भाऊ उभे. एकाच्या हातात मिठाईचा बॉक्स, एकाच्या खांद्यावर केळीचा घड, एक नवराबायको, त्यांना वेगवेगळ्या गाड्यांत बसावं लागलं. प्रत्येक वेळी टक्, आणि मग कंट्रोलर उतरून बसवून येणार. गाड्या भरल्या. घड्याळात सात-वीस झाले होते तेव्हा आम्ही सडेवाडीच्या फाट्याला पोचलो.

तिथे अध्यक्षांनी इंजिन बंद केलं. समोर अरुंद रस्ता सड्याकडे चढत होता आणि पहिल्याच वळणावर एक गतिरोधक पालथ्या घमेल्यासारखा दिसत होता.

“कंट्रोलरसाहेब, बास,” ते शांतपणे म्हणाले. मला त्यांचा राग येईना, कारण त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. “इथवर हसण्यावारी नेलं. पण या गाडीचं पोट तिथे घासणार. आम्ही समुद्र बघायला आलोय. मी वर येणार नाही.”

कंट्रोलरांनी घड्याळ पाहिलं. उतरले, सुतळी सोडली, पाटी काचेवरून काढली, सुतळी आपल्या गळ्यात अडकवली आणि पाटी छातीवर घेऊन चढाने चालायला लागले. ‘रत्नागिरी–सडेवाडी, जादा’, डोक्याला बायकोचा स्कार्फ, हातात चिमटा. पाच किलोमीटर चढ होता. सात-चाळीसपर्यंत ते पोचणं शक्य नव्हतं, आणि हे त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच माहीत नव्हतं.

मला मग राहवलं नाही. मी सगळ्यांना फोनचं सांगितलं. रोज संध्याकाळी सातला गाडी रद्द करण्याचं, काल न केल्याचं, वर थांब्यावर एक म्हातारी बहीण उभी असल्याचं. भराभर सांगितलं आणि वाईट सांगितलं. तिसऱ्या गाडीतून मासेवाल्या मावशी टोपलीसकट उतरून अध्यक्षांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“तुला बहीण हाय काय?”

“आहे,” अध्यक्ष म्हणाले. “ठाण्याला.”

“आज जानार हायस?”

“म्हणजे... संध्याकाळी. जमलं तर.”

“म्हंजे नाय,” मावशी म्हणाल्या. “तुझी तरी राहील घरात बसून. ती वर उनात उबी हाय. चल, सुरू कर मेल्या. पोटाला लागेल त्या जागी आम्ही उतरू.”

अध्यक्षांनी गाडी सुरू केली. पहिल्या वळणावर कंट्रोलर गाठले. पण ते बसेनात. पाटी गळ्यात, चाल तशीच.

“बसा ना साहेब!”

“गाडी कुठली आहे?” चालता चालता कंट्रोलरांनी विचारलं. “खाजगीत मी बसत नाही.”

लिफ्टचा कारखाना असलेला तो माणूस क्षणभर स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. मग म्हणाला, “जादा आहे. सडेवाडी जादा. बसा.”

मग कंट्रोलर बसले. चिमटा दोनदा वाजला.

त्या चढाला सात गतिरोधक होते. प्रत्येकाला सगळे प्रवासी उतरायचे, ओझं कमी झालेली गाडी तिरकी करून एकेक चाक पलीकडे न्यायची, कंट्रोलर रस्त्यावर ओणवे होऊन “येऊ दे, येऊ दे, बास!” म्हणायचे, आणि पुन्हा सगळे आत. तिसऱ्या गतिरोधकापासून वकील स्वतःहून खाली उतरून दुसऱ्याच्या गाडीखाली बघायला लागले. पाचव्याला डॉक्टरांनी मावशींची टोपली डोक्यावर घेतली. शेवटच्या गतिरोधकावर चंदेरी गाडीचं पोट खर्रकन घासलं, आणि ती ज्याची होती तो म्हणाला, “जाऊ दे, पुढे चला.” मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं होतं. कंट्रोलर सोडेनात. सात-चाळीस झाले तेव्हा त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

सडेवाडीच्या थांब्याला चिऱ्यांचा एक कट्टा आहे आणि बाजूला सगळा सडा, मोकळा. आम्ही वळण घेतलं तेव्हा सात-बावन्न झाले होते. कट्ट्यावर हिरव्या लुगड्यातल्या एक बारीकशा बाई मांडीवर गाठोडं घेऊन बसल्या होत्या.

आठ बिनटपाच्या गाड्या त्यांच्यासमोर ओळीने थांबल्या. आक्कांनी गाड्यांकडे पाहिलं नाही. मनगट उचलून घड्याळ पाहिलं.

“बारा मिनटां,” त्या म्हणाल्या.

कंट्रोलर उतरले. डोक्यावरचा स्कार्फ सोडायला विसरले. ज्या माणसाने आम्हा भाडेकरूंकडून रोज उशिराची कारणं लिहून घेतली, तो आता बहिणीसमोर उभा होता. त्यांनी एकदा मागे आमच्याकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे, आणि म्हणाले, “पंक्चर.”

“आटवी गाड्यांचां?” आक्का म्हणाल्या.

हसलो आम्ही सगळेच, डॉक्टर तर टोपली सावरत. कंट्रोलर हसले नाहीत. त्यांचा आवाज नाकातून येईना, साधाच आला. “आक्के, वेळ टळून गेली होती. तू घरी का नाय गेलीस?”

“काल तुझा फोन नाय आला,” आक्का उठता उठता म्हणाल्या. “म्हंजे गाडी हाय. उशिरा येईल, पन हाय.”

कंट्रोलर वळले आणि छातीवरची पाटी कोटाच्या बाहीने पुसायला लागले. तिच्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं. अध्यक्ष उतरून लाल गाडीचं दार धरून उभे राहिले. आक्कांनी आत वाकून पाहिलं आणि विचारलं, “यात बसायचां की निजायचां?”

परत येताना त्या अध्यक्षांच्या शेजारी, कंट्रोलर परागच्या शेजारी, आणि मी त्या गाडीच्या मागच्या नावापुरत्या सीटवर गुडघे कानाला लावून. बाकीच्या सीटांवर सडेवाडीचे आणखी सहा जण. समुद्र आला तेव्हा आक्कांचा पदर फडफडत लाल गाडीच्या मागे पसरला होता आणि त्या तो आवरत नव्हत्या.

रत्नागिरीच्या स्टँडच्या फाटकाशी आठही गाड्या आत वळू लागल्या, तशी कंट्रोलरांनी कडक शिट्टी मारली. तिथे ‘खाजगी वाहनांस प्रवेश नाही’ अशी पाटी आहे. ती त्यांच्याच हातची. “जादा फाटकापर्यंतच होती,” त्यांनी जाहीर केलं, आणि सगळ्यांना उतरवून पायी आत नेलं. नव्या कंट्रोलरने न सांगता खुर्ची सोडली. केबिनीच्या खिडकीला आठ ड्रायव्हर नाकं लावून उभे होते. काकी रिक्षाने दोन साड्या घेऊन आल्या, गेल्या वर्षीची आणि या वर्षीची. आक्कांनी निरांजन लावलं. कुंकू लावून घेता घेता कंट्रोलरांनी समोरचा माईक सवयीने तोंडाशी ओढला, आणि काय पुकारायचं ते न सुचून तो परत ठेवला.

अध्यक्ष जेवायला थांबले नाहीत. ठाण्याला जायचंय म्हणाले. डॉक्टरांच्या गाडीचा वास किती दिवसांनी गेला ते मी परागला अजून विचारलेलं नाही.

कंट्रोलरांनी सोमवारी रीतसर अहवाल लिहिला. जादा फेरी एक, जाताना प्रवासी सहा, येताना सात, उभे राहण्यास जागा नाही. सोबत माझ्याकडून काढून घेतलेले फोटो. एका फोटोत मावशी पांढऱ्या सीटवर टोपली घेऊन बसल्या आहेत आणि शेजारी डॉक्टर हात जोडल्यासारखे दिसतात. त्या अहवालामुळे की शिमग्याला मुंबईकर गावी येणार म्हणून, ते मला माहीत नाही, पण शिमग्याच्या आधी सात-चाळीस पुन्हा सुरू झाली.

पहिल्या दिवशी कंट्रोलर त्या गाडीने वर गेले, त्याच गाडीने आक्कांना घेऊन आले, आणि गाडी दोन मिनिटं आधी सुटल्याची तक्रार लिहून आले.

त्या संध्याकाळी मी जिन्यात थांबलो, उगाच. सात वाजायला आले होते. आता रद्द करायला काही उरलं नव्हतं. आक्का परत घरी पोचल्या होत्या, गाडी रोज जाणार होती, नियमाप्रमाणे फोनचं काम संपलं होतं. कंट्रोलर खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला आणि नंबर फिरवला.

“उद्याची सडेवाडी सात-चाळीस,” ते म्हणाले आणि जरा थांबले. “...आहे.”

मला राहवलं नाही. “कंट्रोलर, चालू गाडीचं कळवायचं नसतं ना?”

त्यांनी फोनवर हात ठेवून वर पाहिलं. “वरचे, तुम्ही आपली वेळ वहीत लिहा,” ते म्हणाले, आणि पुन्हा फोन कानाला लावून विचारलं, “हं. औषध घेतलंस का?”